साखळी तावलेली नव्हती

दस्तगीर उस्ताद,

गिरणीच्या फाटकावर तुमचं नाव लागलंय. इतकी वर्षं त्या फाटकातून आतबाहेर केलीत तेव्हा त्यांच्या लेखी तुम्ही नुसते ‘लोहारखान्याचा म्हातारा’ होता. आता पूर्ण नाव आहे, बापाच्या नावासकट, आणि खाली इंजिनिअरसाहेबाची सही. मजकूर एवढाच, की लोहारखान्याच्या मिस्त्रीने वजन उचलण्याची साखळी चुकीच्या रीतीने तावली, त्यामुळे ती कमजोर होऊन तुटली, सबब झाल्या अपघातास मयत स्वतः जबाबदार.

मयत म्हणजे तुम्ही. मंगळवारी साखळी तुटली, काल दुपारी तुम्हाला मिट्टी दिली, आणि काल संध्याकाळी हा कागद लागला. तुमच्या कबरीवरची माती ओली होती तेवढ्यात साहेबाची शाई वाळली.

मी तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा फाडून टाकावासा वाटला. दुसऱ्यांदा शब्द न् शब्द पाठ केला, कारण याला उत्तर मलाच लिहायचं होतं. तिसऱ्यांदा वाचताना मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो. शेवटासाठी ठेवलं तर लिहायचं राहील. साहेबाचं म्हणणं खरं धरलं, तुमच्या हातून ताव चुकला असं मानलं, तर शनिवारी मी तुम्हाला जे सांगितलं त्याचा या मरणाशी काही संबंध उरत नाही. साहेबाने स्वतःसाठी जी पळवाट काढली, तीत माझ्यापुरतीही जागा होती.

मी त्या वाटेने जाणार नाही. म्हणून हे पत्र, छापून वाटण्यासाठी.

हे वाचणाऱ्यांतले निम्मे साच्यावरचे, म्हणजे मागावर कापड विणणारे आहेत. त्यांनी लोखंड पाहिलंय, पण तावताना पाहिलेलं नाही. मीही पाहिलं नव्हतं. तुमच्या हाताखाली घण मारायला आलो तेव्हा मला वाटायचं, लोखंड तापवायचं ते ठोकण्यासाठी, आणि पाण्यात बुडवायचं ते गार करण्यासाठी. पहिल्याच महिन्यात तुम्ही मला पोलादाचा एक तुकडा दिलात आणि म्हणालात, “छिन्नी कर. बगू तुझा हात.”

केली. ठोकून धार काढली, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होईतो तापवली आणि घातली हौदात. चर्र आवाज झाला. कानस लावून बघितली तर कानस घसरत होती, इतकी कठीण झालेली. मी छाती फुगवून ती तुमच्यापुढे धरली.

“पानी दिलास,” तुम्ही म्हणालात. “आनि उतरवलास कुटं?”

“उतरवायचं कशाला? कठीण झाली की.”

“बरं. मार मग.”

मी मारली. दुसऱ्या घावाला छिन्नी काचेसारखी फुटली आणि एक कपची माझ्या भुवईत घुसली. तो वण अजून आहे. तुम्ही तुमच्या अंगावरचा मळका पंचा माझ्या कपाळावर दाबून धरलात आणि रक्त थांबेपर्यंत तिथेच धडा दिलात. पाणी दिलेलं पोलाद कठीण असतं, पण कामाचं नसतं. ते घासून चकचकीत करायचं, मग हलक्या आचेवर धरून रंग बघायचे. आधी कडब्यासारखा पिवळा येतो. मग तपकिरी. मग वांग्याचा जांभळा. मग निळा. छिन्नीला जांभळ्यावर थांबायचं, वस्तऱ्याला पिवळ्यावर, स्प्रिंगेला निळ्यावर. रंग एका श्वासात येतो न् जातो. चुकला की परत पहिल्यापासून.

“पानी उतरवलं म्हंजे पोलाद हारलं, असं न्हाय,” तुम्ही म्हणालात. “आता ते काम करतंय, एवढंच.”

यावरून आपलं भांडण पुढे चार वर्षं चाललं. दोन वर्षांनी मी पत्रकं लिहू लागलो आणि पहिल्याच पत्रकात लिहिलं, ‘कामगारांनो, पोलाद व्हा.’ तुम्ही ते जेवणाच्या सुट्टीत अंबादासकडून वाचून घेतलंत. अंबादास तुमच्या ऐरणीच्या पलीकडचा लोहार, घरात तेलुगू, बाहेर मराठी, वाचतो मात्र खणखणीत. ऐकून झाल्यावर तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि विचारलंत, “कंच्या पान्याचं पोलाद?”

“म्हणजे?”

“म्हंजे पानी उतरवलेलं का बिन उतरवलेलं? तसं लिवायला नको? न्हायतर ही समदी पोरं काचेवानी फुटत्याल आन् तू दुसरं पत्रक काढशील.”

सगळे हसले. मी नाही हसलो. मी म्हणालो की उस्ताद, पाणी उतरवणं म्हणजे तडजोड, आणि तडजोड हा मालकाचा शब्द आहे. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं ओल्या कोळशाकडे बघायचात.

मग तुम्ही मला एका सुट्टीच्या दिवशी तांबटाकडे नेलंत. कशाला ते सांगितलं नाहीत. तांबट घागरीचा गळा ठोकत होता. ठोकून ठोकून तांबं ताठ झालं, चीर पडायच्या बेतात आलं, तेव्हा त्याने ते लाल केलं आणि सरळ पाण्यात बुडवलं. मी म्हणालो, झालं, आता हे कठीण होऊन फुटणार. तांबट हसला. त्याने माझ्या हातात ती कड दिली. ती मऊ झाली होती, पोळीसारखी वळत होती.

परतताना तुम्ही बोललात. “आग तीच. पानी बी तेच. पोलाद त्याच्यात कठीन झालं, तांबं मऊ झालं. आता लिव तुझ्या पत्रकात, समद्यास्नी एकच औषध.”

याचं उत्तर मला आज सुचतंय, आणि ऐकायला तुम्ही नाहीत. उस्ताद, मालकाची आग मात्र खरोखर सगळ्यांना एकच असते. तांबं कोण न् पोलाद कोण, एवढं बघायला त्याला सवड नसते. ती सवड तुम्हाला होती. माझ्याकडे नव्हती. मी पत्रकं लिहिणारा. मला एका ओळीत सगळे बसवायचे असतात.

आणि शिंगांची गोष्ट लिहू का? लिहितो. लोकांना तुम्ही फार गंभीर वाटायला नकोत. साच्याच्या झिजणाऱ्या भागांना वरून कठीण आणि आतून मऊ करायचं असलं, की तुम्ही ते लोखंडी पेटीत घालून भोवती शिंगांचा, खुरांचा आणि जुन्या चामड्याचा चुरा दाबायचात, चिकणमातीने फटी लिंपायचात आणि अख्खा दिवस भट्टीत ठेवायचात. वास सुटायचा तो थेट कचेरीत. हजेरीचा कारकून नाकाला उपरणं लावून आला आणि म्हणाला, हे काय अमंगळ चालवलंय, आम्ही स्नान करून येतो. तुम्ही अदबीने उठून उभे राहिलात. “रावसाहेब, तुमच्या खुर्चीची स्प्रिंग मोडली तवा मीच करून दिली की. बसताना वास आला काय?” तो गेला, आणि पुन्हा लोहारखान्याकडे फिरकला नाही. तुम्ही म्हणालात, “एका पेटीत दोन कामं.”

माझ्या कपाळाच्या भस्मावरूनही तुम्ही सोडलं नाहीत. “राख तुजी बी हाय, माजी बी. तुजी कपाळाला, माजी पेटीत. माजी जास्त राबती.”

त्या पेटीकडेच यायचं होतं मला.

राखेची पेटी. लोहारखान्याच्या कोपऱ्यात, हातभर खोल, माणूस झोपेल एवढी लांब, वर पत्र्याचं झाकण. वजन उचलायची साखळी नरम लोखंडाची असते. नवी असते तेव्हा ती वाकते, ताणते, पण तुटत नाही. रोज ओझं उचलून, धक्के खाऊन, कड्यावर कडं आपटून ती ताठत जाते. बाहेरून काही दिसत नाही. मोजून बघितलं तरी जाडी तेवढीच. पण आतला ओलावा गेल्यासारखी होते, आणि एक दिवस सवयीच्या ओझ्यालाच फटकन तुटते. म्हणून वर्षातून दोनदा ती उतरवायची, जुन्या विटेसारखी लाल होईल एवढीच तापवायची, आणि राखेत पुरायची. पाणी नाही, वारा नाही, घाई नाही. आपली आपण निवली, की ती पुन्हा मऊ, पुन्हा शहाणी. यालाच तावणं म्हणायचात तुम्ही.

आणि नियम एक. झाकण कोण उघडणार ते साहेब ठरवत नाही, भोंगा ठरवत नाही. तुम्ही येऊन झाकणावर तळहात ठेवायचात. हात सहज टिकला तर उघडायचं. नाही टिकला तर तोंडातून फक्त ‘गरम हाय’ एवढंच निघायचं, आणि साहेब स्वतः उभा असला तरी परत जायचा.

मी एकदा ते झाकण उघडलं होतं. वरून फिटरची हाक आली, साखळी पाहिजे, आणि मला वाटलं, एवढं काय. आकड्याने वर काढली, फरशीवर टाकली. वरच्या कड्या पावसाळी वाऱ्यात तडतडल्या. तुम्ही आलात, पाहिलंत. सगळी साखळी गोळा केलीत आणि परत भट्टी पेटवलीत. पूर्ण दिवसाचं काम पुन्हा. भाता मी ओढला. संध्याकाळी जाताना तेवढं म्हणालात, “घाई आसंल तर हलवायाकडं नोकरी कर. जिलबी गरमच खात्यात.”

आता शनिवार.

लिहायला घेतलं आणि उठून दोनदा पाणी प्यायलो. पण लिहितो.

गेल्या वर्षीपर्यंत साखळी कामाच्या दिवशी उतरायची. मग नवा साहेब आला आणि म्हणाला, दोन दिवस उचलणं बंद ठेवायला ही काय धर्मशाळा आहे. तावायची तर रविवारी तावा. रविवारी मजुरी नाही, कारण त्याच्या मते हे तुमच्याच कामाचं उरलंसुरलं. तुम्ही तीनदा जाऊन सांगितलंत, तीनदा हेच उत्तर. आणि आमच्या युनियनने ठराव केला की रविवारी बिनमजुरी कुणी आत जायचं नाही. ठरावाखाली पहिला अंगठा तुमचा. मीच तुमचा अंगठा धरून शाई लावली होती. तुम्ही म्हणाला होता, “काळा बोट हाय, शाई कुटं दिसायची.”

शनिवारी फाटकासमोरच्या हॉटेलात तुम्ही मला बोलावलंत. बशीत चहा ओतलात आणि निवायला ठेवलात. मग म्हणालात, “सिद्राम, उद्या जातो मी.”

“कुठं?”

“साखळी तावायला. लई दिस झाले. आवाज बदललाय तिचा. पयले घुंगरावानी वाजायची, आता खडखड करती. मंगळवारी इंजिनघरातलं दोराचं मोटं चाक उचलायचंय.”

मी म्हणालो, जायचं नाही. म्हणालो, तुम्ही एकदा फुकट गेलात की पुढच्या रविवारी साच्यावाल्यांना बोलावतील, त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यांना. म्हणालो, पहिला अंगठा तुमचा आहे, पहिल्याने मोडला तर मागच्यांनी काय करावं.

“साखळीला तुजा ठराव कळत न्हाय, बाबा.”

“साहेबाला कळतो. दोन दिवस काम बंद ठेवून तावायला लावू त्याला. तुम्ही फक्त जाऊ नका.”

चहा निवला होता. तुम्ही तो प्यायलात, बशी पालथी घातलीत. चार वर्षं तुम्ही माझ्याशी भांडत होता. पोलादावर, तांब्यावर, पत्रकातल्या प्रत्येक ओळीवर. एकदाही माझं ऐकलं नाहीत. त्या दिवशी ऐकलंत.

“बरं,” तुम्ही म्हणालात. “तू म्हनतोस तर.”

ते चार शब्द माझ्या मागे लागलेत, उस्ताद. नाही म्हणाला असता तर मी आणखी दहा मिनिटं वाद घातला असता, आणि वाद घालताना कदाचित तो मंगळवार माझ्या डोक्यात शिरला असता. मी जिंकलो म्हणून विचार करायचा थांबलो. मी तुम्हाला सांगितलं, रविवारी तावायला जाऊ नका. त्याच्यापुढचं वाक्य माझ्या तोंडातून आलंच नाही, की मग मंगळवारी त्या साखळीला हातही लावू नका. अर्धी मागणी केली आणि खुशीत घरी गेलो. छिन्नीला पाणी दिलं आणि उतरवायचं विसरलो, असं तुम्ही म्हणाला असता. नको. तुम्ही नसता म्हणाला. माझ्या उपमांचा तुम्हाला कंटाळा होता. “लोखंडाचं सांगतोस तर लोखंडाचं सांग, मानसाचं तर मानसाचं.” बरोबर आहे. माणसाचं सांगतो. मी एका माणसाला काम करू नको म्हणालो आणि धोका तसाच टांगलेला ठेवला.

सोमवारी तुम्ही साहेबाला सांगितलंत की साखळी तावलेली नाही. अंबादास तुमच्या शेजारी उभा होता. साहेब म्हणाला, वहीत तावलीय असं लिहिलंय. लिहिलेलं होतंच. कारकुनाने शनिवारीच लिहून ठेवलं होतं, कारण रविवारी तुम्ही याल हे त्यांनी गृहीत धरलं होतं. दर वेळी तसंच लिहीत. तुम्ही म्हणालात, “वही तावली आसंल, साखळी न्हाय.” साहेब म्हणाला, चाक मंगळवारी उचललं पाहिजे.

मंगळवारी तुम्ही सगळ्यांना मागे सारलंत. अंबादासला तर छातीवर हात ठेवून ढकललंत. “बाजूला व्हा, ती तावलेली न्हाय.” चाक फिरू नये म्हणून बांधलेला दोर तुम्ही स्वतः धरलात. चाक गुडघाभर वर गेलं आणि साखळी तुटून तुमच्या अंगावर आलं.

इथे माझा तुमच्यावर राग आहे. मेलेल्या माणसावर राग काढू नये म्हणतात. मी काढणार. तुम्हाला ठाऊक होतं. सगळ्यांना बाजूला केलंत म्हणजे पक्कं ठाऊक होतं. मग दोर सोडून तुम्हीही बाजूला का झाला नाहीत? झाकणावर हात ठेवून ‘गरम हाय’ म्हणत साहेबाला परत पाठवणारा माणूस, त्या चाकापुढे ‘नाही’ का म्हणाला नाही? साहेबाला नाही म्हणायचं ते सगळं बळ तुम्ही रविवारी माझ्या शब्दाखातर खर्च केलंत काय? की साखळी तावायची राहिली हे तुम्ही स्वतःचं पाप मानलंत? ते तुमचं नव्हतं. निम्मं साहेबाचं होतं. निम्मं कुणाचं, ते वर लिहिलंय.

तुटलेलं कडं माझ्यासमोर टेबलावर आहे. अंबादासने ते त्या गोंधळात उचललं आणि भाकरीच्या डब्यात घालून फाटकाबाहेर आणलं. छापखान्याच्या कचेरीत आहे, ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं. साहेबानेही यावं.

तुम्हीच शिकवलेलं वाचतो. तावलेली साखळी अतिओझ्याने तुटली तर आधी ताणते. कडं लांबट होतं, कंबरेत बारीक होतं, आणि तुटलेल्या जागी उसाचं कांडं मोडल्यासारखे धागे दिसतात. न तावलेली, ताठलेली साखळी ताणत नाही. फटकन जाते, आणि तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे दाणे चकाकतात. हे कडं गोल आहे, जसंच्या तसं. कुठे ताणलेलं नाही. तुटल्या जागी खडीसाखर आहे. मी बोट फिरवलं, दाणे टोचतात.

म्हणजे साहेब, तुमचा कागद खोटा आहे. दस्तगीर उस्तादांच्या हातून ताव चुकला नाही. ताव झालाच नाही. का झाला नाही, तेही लिहिलं. तुम्ही कामाचा दिवस दिला नाहीत म्हणून, आणि मी रविवार दिला नाही म्हणून. तुमच्या कागदात दोन खोट्या गोष्टी आहेत, माझ्या कागदात एकही ठेवत नाही.

आमचे चिटणीस म्हणाले, शनिवारचं काढून टाक. गिरणीवाले तेवढंच उचलतील, युनियनमुळे माणूस मेला म्हणतील. म्हणू देत. रविवारी फुकट राबायचं नाही हा ठराव खरा होता आणि उद्याही खरा आहे. मी त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण उस्तादांचं नाव धुवायचं तर साखळी तावलेली नव्हती हे सांगावं लागतं, आणि ते सांगायचं तर का ते सांगावं लागतं. आपला भाग गाळून सांगितलेलं खरं म्हणजे ती कारकुनाची वही झाली.

आज सकाळी तुमच्या घरी कुराण पढून झाल्यावर लोक पांगले. चाची चुलीपाशी बसल्या होत्या. मी साहेबाचा कागद त्यांना वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या.

“ताव चुक्या बोलते?” त्यांनी विचारलं. “उनका?”

“होय चाची.”

“वैरागला पोरगा होते तवापासून भट्टीसमोर हायत. घरात तवा तापला का नै, उनो लांबून सांगायचे.” मग माझ्याकडे न बघता, “शनिवारी हाटेलात काय बोलला रे तू? घरी आले ते जेवलेच नै. बोलले, सिद्रामला जबान दिया.”

मी सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. मला वाटलं त्या मला उठून जायला सांगतील. मी चप्पलही पायात घातली होती.

त्यांनी पदराची गाठ सोडली. मग म्हणाल्या, “उनकू झूट से लई चीड थी. लिख.”

“माझंही लिहू?”

“तेरा बी लिख. कायकू सोडतो?”

म्हणून लिहिलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत अंबादास फाटकावर आला. पत्रकांपायी मला आत जायची बंदी आहे, त्याला बाहेर यायला अर्धा तास. हात कोपरापर्यंत राखेने माखलेले. इंजिनघरात दुसरी साखळी आहे, पहिलीच्याच वयाची, तिच्याच सोबत आणलेली. आज सकाळी, कामाच्या दिवशी, त्याने आणि लोहारखान्यातल्या सगळ्यांनी मिळून ती उतरवली. कुणाला विचारलं नाही. भट्टी पेटवली, जुन्या विटेसारखी लाल केली आणि राखेत पुरली. साहेब धावत आला.

“कुणाच्या हुकमाने?” साहेबाने विचारलं.

“उस्तादांच्या,” अंबादास म्हणाला.

“तो मेला.”

“म्हणून तर, साहेब.”

साहेब म्हणाला, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. अंबादासने झाकणावर तळहात ठेवला. त्याने मला तो हात दाखवला, लाल झालेला. मी विचारलं, किती वेळ ठेवलास. म्हणाला, “साहेब परत जाईपर्यंत.”

मग तो धावतच आत गेला. झाकणावर पाळीपाळीने कुणीतरी बसलेलं आहे म्हणे, खाली पोती घालून. गिरणीची चाकं थांबली आहेत. उद्याही थांबतील. कुणाला काढतील, कुणाला पकडतील, ते उद्या बघू.

काल तुम्हाला मिट्टी देताना मी तीन मुठी टाकल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, हा लिंगायत हितं कसा. आमच्यातही पुरतातच, मी म्हणालो. माती हाताला गार लागली. मला उगाच वाटलं की अजून एकदा तळहात ठेवून बघावं.

हे आता छापायला देतो. यात ‘पोलाद व्हा’ नाही. खिळे जुळवणारा घाई करतोय, उस्ताद, गिरणी सुटायच्या आत कागद हातात पाहिजेत म्हणतोय. मी त्याला म्हटलं, थांब, एकदा सगळं वाचून बघू दे. पहिल्यांदाच म्हटलं.

पलीकडे पेटी बंद आहे. राख गरम आहे. झाकण कुणी उघडलेलं नाही.

तुमचा,
सिद्राम